सामाजिक संशोधनाची सरकारी कंत्राटे (अमेरिका)

सामाजिक प्रश्न सरकारनेच नेमून द्यायचा, त्याचे उत्तर शोधण्याचे काम निविदा काढून विद्यापीठाला, संशोधनसंस्थेला किंवा खासगी कंपनीला सोपवायचे आणि अहवाल व आकडेवारी ताब्यात घेऊन देयक चुकते करायचे, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेच्या संघीय सरकारात ती दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. गरिबी, शाळा, घरभाडे, लोकसंख्या, बंडखोरी अशा विषयांवर आज जे ज्ञान ‘अमेरिकी संशोधन’ म्हणून जगभर वापरले जाते, त्यातील बराच भाग अशा कंत्राटांतून आला आहे.

कंत्राट आणि अनुदान यांत गल्लत होते. १९७७ च्या संघीय कायद्याने दोहोंची हद्द आखून दिली : सरकारला स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू वा सेवा विकत घ्यायची असेल तर कंत्राट, सार्वजनिक हिताच्या कामाला हातभार लावायचा असेल तर अनुदान. अनुदानात प्रश्न अभ्यासकाचा असतो आणि सरकार त्याला पैसे देते. कंत्राटात प्रश्न सरकारचा असतो आणि अभ्यासक पुरवठादार होतो. किती कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या, दार बंद असेल तर किती वेळा परत जायचे, निदान किती टक्के लोकांनी उत्तर दिलेच पाहिजे, मसुदा कोणत्या तारखेला द्यायचा, आकडेवारी प्रसिद्ध करण्याआधी कोणाची परवानगी घ्यायची, हे सारे कामाच्या तपशिलात लिहिलेले असते. शिवाय सरकारच्या सोयीने कंत्राट केव्हाही संपवता येईल, असे एक कलम असते. तसे झाल्यास कंत्राटदाराला झालेल्या कामाचे पैसे मिळतात, पुढे होऊ शकणाऱ्या नफ्याचे मिळत नाहीत. रस्त्याचे काम असे थांबले तर निदान अर्धा रस्ता उरतो. दहा वर्षे त्याच मुलांमागे जाणारी पाहणी सहाव्या वर्षी थांबली, तर उरलेल्या आकड्यांचे करायचे काय, हे त्या कलमात लिहिलेले नसते.

खर्चाचा माग काढणे दिसते तितके सोपे नाही. उत्तर अमेरिकी उद्योग वर्गीकरणात सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांतील संशोधनाला ५४१७२० हा क्रमांक आहे. पण प्रत्येक कंत्राटाला मुख्य कामानुसार एकच क्रमांक लावतात आणि तो सरकारी अधिकारी ठरवतो. तीच घरोघरची पाहणी एका कचेरीत ‘संशोधन’, दुसरीत ‘व्यवस्थापन सल्ला’, तिसरीत ‘बाजारपाहणी व जनमत चाचणी’ या सदरात पडू शकते. म्हणून एका क्रमांकाची बेरीज करून ‘सामाजिक शास्त्रांवरचा खर्च’ सांगणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावे. दुसरा खड्डा रकमेचा. कंत्राटाची कमाल मर्यादा आणि सरकारने प्रत्यक्ष बांधून दिलेली रक्कम यांत कोट्यवधी डॉलरचे अंतर असू शकते, आणि बातमीत बहुधा मोठा आकडा येतो. हे व्यवहार सर्वांना पाहता येतात ते २००६ च्या पारदर्शकता कायद्यामुळे. टॉम कोबर्न आणि बराक ओबामा हे दोन सिनेटर त्याचे पुरस्कर्ते होते. याच कोबर्न यांनी २०१३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून राज्यशास्त्राला मिळणाऱ्या अनुदानांना चाप लावणारी दुरुस्ती मंजूर करून घेतली. त्याआधी १९७५ मध्ये सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी माणसे प्रेमात का पडतात याच्या ८४,००० डॉलरच्या अनुदानित अभ्यासाची जाहीर खिल्ली उडवली होती. टिंगल अशी अनुदानांच्या वाट्याला येते, कंत्राटांच्या क्वचितच. कंत्राटातला प्रश्न सरकारनेच विचारलेला असतो, हसायचे कोणाला?

आरंभ लष्कराने केला. १९४६ मध्ये हवाई दलाने डग्लस विमान कंपनीशी केलेल्या करारातून रँड हा संशोधन प्रकल्प निघाला आणि १९४८ मध्ये रँड स्वतंत्र संस्था झाली. १९५६ मध्ये भूदलाने वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठात ‘सोरो’ या लघुनामाचे विशेष मोहीम संशोधन कार्यालय कंत्राटावर उभे केले. या कार्यालयाच्या एका योजनेने पुढे सारा व्यवहार चव्हाट्यावर आणला.

त्या योजनेचे नाव कॅमलॉट. राजा आर्थरच्या दंतकथेतील हे सुखी, शांत राज्य. देशांतर्गत युद्ध कशामुळे पेटते, त्याची चाहूल आधी लागू शकते का आणि तेथील सरकारने काय केले तर ते टळेल, याचे गणिती प्रारूप तयार करण्याचा हा घाट होता. तीन-चार वर्षांचे काम, चाळीस ते साठ लाख डॉलरचा अंदाज आणि पैसे भूदलाचे. डिसेंबर १९६४ मध्ये अभ्यासकांना पत्रे गेली. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी एवढी रक्कम एका ठिकाणी क्वचितच पाहिली असेल. त्यातल्या अनेकांना आपण लष्कराला चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवू असे मनापासून वाटत होते, हेही नोंदवायला हवे.

फुटले ते चिलीत. पिट्सबर्ग विद्यापीठातील चिलीत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ ह्यूगो न्यूटिनी १९६५ मध्ये सांतियागोतील विद्वानांना भेटले आणि पैसा लष्कराचा आहे हे त्यांनी झाकून ठेवले. त्याच शहरात शिकवणारे नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांच्याकडे मात्र कॅमलॉटच्या परिषदेचे मूळ निमंत्रणपत्र होते. त्यांनी निमंत्रण नाकारले आणि पत्र सहकाऱ्यांपुढे ठेवले. त्यांचा आक्षेप पद्धतीपेक्षा एकतर्फीपणावर होता : अमेरिकेत कधी हस्तक्षेप करावा, याचा अभ्यास लॅटिन अमेरिकेतील देशांनी का करू नये? पत्र वर्तमानपत्रांत पोचले, चिलीच्या संसदेत गदारोळ झाला. अमेरिकेचे राजदूत राल्फ डंगन यांना या योजनेचा पत्ताच नव्हता. त्यांनी वॉशिंग्टनला खरमरीत विचारणा केली. ८ जुलै १९६५ रोजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी कॅमलॉट गुंडाळला. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती. महिन्याभरात अध्यक्ष जॉन्सन यांनी परदेशांतील सरकारी खर्चाच्या सामाजिक संशोधनाला परराष्ट्र खात्याची संमती आवश्यक केली. म्हणजे तोडगा निघाला तो दोन खात्यांमधल्या कागदाचा. गाल्टुंग यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

याच सुमारास व्हिएतनाममध्ये रँडचे मुलाखतकार कैदी व पळून आलेले सैनिक यांच्याशी बोलत होते. सुमारे २,४०० मुलाखती, ६२,००० पानांची टिपणे. पहिल्या अभ्यासकांना व्हिएतकाँग (दक्षिण व्हिएतनाममधील कम्युनिस्ट बंडखोर) निष्ठावान आणि चिवट दिसले. नंतर सूत्रे घेतलेल्या लिऑन गूरे यांना त्याच प्रकारच्या मुलाखतींत बाँबफेकीने खचलेले मनोधैर्य दिसले. हवाई दलाला दुसरे उत्तर आवडले. पुढच्या काळात अफगाणिस्तान व इराकमध्ये लष्करी तुकड्यांबरोबर मानवशास्त्रज्ञ पाठवणारी ‘ह्यूमन टेरेन’ योजना २००७ ते २०१४ चालली, तिच्यावर ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने तिला २००७ मध्येच विरोध नोंदवला होता.

देशांतर्गत कंत्राटांना बळ दिले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेने. शाळांतील असमानतेवरील १९६६ च्या कोलमन अहवालासाठी सहा लाखांहून अधिक मुलांची चाचणी झाली. ते काम एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे कंत्राटाने दिले होते. गरीब मुलांच्या ‘हेड स्टार्ट’ बालवर्गांचे मूल्यमापन वेस्टिंगहाउसची शिक्षणशाखा व ओहायो विद्यापीठाने केले. बालवर्गांचा फायदा पुढच्या इयत्तांत विरत जातो, हा त्यांचा १९६९ चा निष्कर्ष आजही वादात ओढला जातो. १९७० च्या दशकात घरभाड्यासाठी रोख मदत दिली तर काय होते, हे गृहनिर्माण खात्याने खरोखर पैसे वाटून पाहिले : पिट्सबर्ग व फीनिक्समध्ये भाडेकरूंवर ॲब्ट असोसिएट्सने, ग्रीन बे व साउथ बेंडमध्ये घरबाजारावर रँडने नजर ठेवली. मदत दिल्यावर घरमालक भाडी वाढवतील ही भीती फारशी खरी ठरली नाही. कंत्राटी संशोधनाची बाजू घ्यायची तर हे उदाहरण द्यावे. एवढा पैसा आणि एवढी शिस्त एकट्या प्राध्यापकाला परवडली नसती.

मराठी वाचकाच्या जवळचा धागा लोकसंख्येचा आहे. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेने १९८४ मध्ये लोकसंख्या व आरोग्य पाहणी कार्यक्रम कंत्राटाने सुरू केला. पहिले काम वेस्टिंगहाउसच्याच एका शाखेकडे होते, शेवटी ते आयसीएफ या कंपनीकडे आले. नव्वदहून अधिक देशांत चारशेच्या वर पाहण्या त्यातून झाल्या. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ पासून चालवलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीला या कार्यक्रमाचे तांत्रिक साहाय्य होते. महाराष्ट्रातील बालकांची उंची-वजने किंवा स्त्रियांतील रक्तक्षय यांचे जे टक्के आपण वाचतो, ते बहुतेक या पाहणीतले.

कंत्राट केव्हाही संपवता येते, याचा प्रत्यय फेब्रुवारी २०२५ मध्ये आला : अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन शाखेची ८९ कंत्राटे एकदम रद्द झाली; त्यांची किंमत ८८.१ कोटी डॉलर सांगण्यात आली (हाही मोठा आकडाच, त्यातील बरीच रक्कम आधीच खर्ची पडली होती). त्याच महिन्यात आयसीएफचे लोकसंख्या व आरोग्य पाहणीचे कंत्राटही संपवले गेले. काही देशांत पाहणी अर्ध्यावर होती. कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर तो स्थगित असल्याची सूचना लागली, आणि आकडेवारी मागणाऱ्यांना उत्तर देणे तूर्त शक्य नाही, असेही त्यात लिहिले होते.