रमाकांत आचरेकर

रमाकांत विठ्ठल आचरेकर (३ डिसेंबर १९३२ – २ जानेवारी २०१९) हे मुंबईतील ख्यातनाम क्रिकेट प्रशिक्षक होते. स्वतः ते केवळ एकच प्रथम श्रेणी सामना खेळले; मात्र दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी अनेक पिढ्या घडवल्या. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार (१९९०) आणि पद्मश्री (२०१०) प्राप्त झाले.

कार्यपद्धती

नेटमधील सरावाइतकेच महत्त्व ते प्रत्यक्ष सामन्यांना देत. सचिन तेंडुलकरला ते स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यासाठी नेत. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून ते फलंदाजाच्या एकाग्रतेची कसोटी घेत.

वारसा

तेंडुलकर, विनोद कांबळी, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर हे त्यांचे शिष्य भारताकडून खेळले. काही शिष्यांनी पुढे प्रशिक्षकपद स्वीकारल्याने हा वारसा मुंबईबाहेरही पोहोचला. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भ (२०१७-१८) व मध्य प्रदेश (२०२१-२२) यांनी प्रथमच रणजी करंडक जिंकला. लालचंद राजपूत यांनी अफगाणिस्तान व झिम्बाब्वे संघांना प्रशिक्षण दिले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचे अनावरण झाले.