समुद्र ओलांडून आलेल्या बाईच्या हातचा प्रसाद

आज आपण जुन्या काळाबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात आमच्या वाडीपासून करू.

आमच्या बचत गटातली एक ताई चार वर्षं मस्कतला होती. एका घरी स्वयंपाक आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा, असं तिचं काम. त्या पैशातून तिनं नवऱ्याच्या आजारपणातलं कर्ज फेडलं, घराचं छप्पर नवं केलं आणि गेल्या वर्षी ती परत आली. श्रावणात गावात सत्यनारायणाची पूजा होती. मस्कतला जाण्याआधी प्रसादाचा शिरा दरवर्षी तीच करायची. यंदाही ती पदर खोचून चुलीपाशी गेली. तेव्हा एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "तिकडं काय काय शिजवलं असेल त्या हातांनी. यंदा प्रसादाला दुसरी कुणी बसवा." ताई काही बोलली नाही. बाहेर ओटीवर जाऊन बसली.

आम्ही गटातल्या सात-आठजणी तिथंच होतो. आम्हीही काही बोललो नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. एकजण म्हणाली, "पण धर्मातच तसं आहे ना, समुद्र ओलांडला की माणूस बाटतो?" नक्की काय आहे ते कुणालाच सांगता येईना. मग आम्ही तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, महिनाभर वाचली. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो आहोत.

पहिली गोष्ट ही कळली की आपले लोक फार जुन्या काळापासून समुद्रावर जात आले आहेत. ऋग्वेदात भुज्यूची गोष्ट आहे. तो भर समुद्रात सापडला आणि अश्विनीकुमारांनी शंभर वल्ह्यांच्या नावेतून त्याला परत आणलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नौकांवर देखरेख करणारा अधिकारी आहे. आपल्याकडचं सोपारा, कल्याण, चौल ही तर दोन हजार वर्षांपूर्वीची नावाजलेली बंदरं.

मग मनाई कुठून आली? बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातक म्हणून केली आहे आणि त्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे. पण त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की समुद्रावर जाणं ही उत्तरेकडच्या लोकांची रीत आहे. म्हणजे जाणारे जात होते आणि नावं ठेवणारे नावं ठेवत होते. मनुस्मृतीत समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीला बोलावू नये असं आहे. पुढं मध्ययुगात 'कलिवर्ज्य' नावाची यादी पक्की झाली. पूर्वी चालत होतं पण कलियुगात करू नये, अशा गोष्टींची ही यादी. समुद्रावर जाऊन आलेल्या द्विजाला पुन्हा जातीत घेऊ नये, हे त्या यादीत आहे. आम्हांला नवल वाटलं ते पुढं. एकदा दिलेल्या मुलीचं पुन्हा लग्न करू नये, हेही त्याच यादीत आहे. म्हणजे पुरुषाचा समुद्र आणि बाईचं दुसरं लग्न एकाच कागदावर बंद झालं. आपल्या कोकणातलेच महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही यादी तपशिलानं मांडली आहे.

आता समुद्राच्या पाण्यात असं काय होतं? पाण्याचा दोष फारसा नव्हताच. प्रश्न होता जेवणाचा. जहाजावर सोवळ्यात स्वयंपाक कसा करणार, पाणी कुणाच्या हातचं पिणार, कुणाच्या शेजारी बसून जेवणार, स्नानसंध्या कशी होणार, हे खरे प्रश्न होते. शुद्धता राखायची ती चूल, पाणी आणि पंगत यांच्यात. आणि मैत्रिणींनो, घरात ही तिन्ही कामं कुणाकडं असतात, ते तुम्हांला सांगायला नको.

नियम मोडला तर वाट होती, पण ती पैशाची. प्रायश्चित्त म्हणजे क्षौर, स्नान, पंचगव्य घेणं, मग ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा. अठराव्या शतकाच्या अखेरीस राघोबादादा पेशव्यांनी आपले वकील विलायतेला पाठवले होते. ते परत आल्यावर त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून शुद्ध केलं, म्हणजे त्यांचा पुन्हा जन्म झाला असं मानलं, असं एका इंग्रज लेखकानं लिहून ठेवलं आहे. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "बाळंतिणीला दहा दिवस शिवायचं नाही, आणि बाप्यांना शुद्ध व्हायला मात्र सोन्याची का होईना, बाईचीच कूस लागली!"

दुसरं उदाहरण गांधीजींचं. १८८८ साली ते शिकायला विलायतेला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीची सभा भरली. गांधीजी ऐकेनात, तेव्हा त्यांना जातीबाहेर टाकलं आणि त्यांना जो मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठेवला. १८९१ साली ते परतले तेव्हा थोरल्या भावानं त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घातलं आणि राजकोटला जातभोजन दिलं. तरी जातीतला एक गट ऐकेना. त्या नियमानं सासू-सासरे आणि सख्खी बहीणसुद्धा त्यांचं आदरातिथ्य करू शकत नव्हती, आणि गांधीजी त्यांच्या घरी पाणीही पीत नसत. स्वतःच्या आत्मकथेत त्यांनी हे लिहिलं आहे. आम्ही विचार करत राहिलो तो त्या बहिणीचा. भाऊ तीन वर्षांनी परत येतो आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची सोय नाही.

आता आपल्या आनंदीबाई जोशींकडं येऊ. जन्म १८६५ चा, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. पुढं मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. बाईला दाखवायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. बंगालमध्ये सेरामपूरला असताना आनंदीबाई अमेरिकेला जाणार ही बातमी पसरली आणि लोक नाही नाही ते बोलू लागले. मग २४ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्या कॉलेजात त्यांनी सभेपुढं भाषण केलं. वय पुरतं अठराही नव्हतं. लोक जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी एकेक घेतले. परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय, हाही त्यात होता. मी इथं जशी राहते तशीच तिथं राहीन, खाणंपिणं, रीतभात बदलणार नाही, मग मला वाळीत कशासाठी टाकायचं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी सभेत सांगितलं.

त्याच एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. थंडीनं, शाकाहाराच्या हालांनी तब्येत खालावत गेली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली. पण क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊनच त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडं पाठवली. ज्या बाईंनी परक्या देशात त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं होतं, त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत पोकीप्सी गावी ठेवली.

आनंदीबाईंनी शब्द पाळला, सोवळं जमेल तसं सांभाळलं. मात्र आम्हांला एक गोष्ट खटकली. शिकायला जाणाऱ्या पोरीला आधी आपण बाटणार नाही याची हमी द्यावी लागली. तिच्या ताटाबद्दल लोकांना जेवढी काळजी होती, तेवढी तिच्या खोकल्याबद्दल असती तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट. कोकणातले खलाशी, आरमारातले लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर होते. १८३४ नंतर कराराची मजुरी करायला आपल्या भागातली माणसं मॉरिशसला गेली, त्यात बायाही होत्या. उसाच्या मळ्यात राबल्या. काळ्या पाण्याची भीती त्यांनाही होती. पण त्यांच्यासाठी ना कुणी सभा भरवली, ना सोन्याचं काही घडवलं. धर्म मात्र त्यांच्याबरोबर गेला. मॉरिशसमध्ये आजही मराठी घरांत गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

हे सगळं वाचून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की नियम प्रत्येक काळी माणूस बघून लागला. मोठ्या घरच्या पुरुषाला प्रायश्चित्ताची वाट होती, मजुराला कुणी विचारलंच नाही आणि बाईला जायच्या आधीच जाब द्यावा लागला. आज तर गावातली मुलं दुबईहून, अमेरिकेहून येतात तेव्हा त्यांना हार घालतात, मंदिराच्या वर्गणीत त्यांचं नाव वरच्या ओळीत लिहितात. त्यांनी तिकडं काय खाल्लं, हे कुणी विचारत नाही. आमच्या ताईला मात्र विचारलं, कारण ती दुसऱ्याच्या चुलीवर राबून आली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटानं ठरवून शिऱ्याचं काम तिच्याकडं दिलं. आधी ती नको म्हणाली. मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो आणि श्रावणात गप्प बसलो त्याबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "त्या बाई बोलल्या त्याचं एवढं वाटलं नाही गं. तुम्ही खाली बघत होता, त्याचं वाटलं." त्यावर आम्हांला काही बोलता आलं नाही. त्या दिवशी शिरा तिनंच केला. वडीलधाऱ्या बाई आल्या, त्यांनी वाटीत शिरा घेतला आणि पदराखाली झाकून घरी नेला.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कुणी परगावी, परदेशी राबून परत आली असेल. तिच्याबद्दल कुणी असं बोललं तर तिथल्या तिथं बोला. आमच्यासारखं पाच महिने थांबू नका.