कुर्त्यावरचा चौक आणि तलासरीचा लाल बावटा

आज कापडाबद्दल बोलू. म्हणजे राजकारणाबद्दलच.

चिलीत १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसं गायब व्हायला लागली. तेव्हा सांतियागोच्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून सांगितलं, कुणाचा नवरा नेला, कुणाचा मुलगा. ही शिवलेली चित्रं लपवून परदेशात पोचली. आपल्या गोधडीची लांबची बहीणच म्हणा ना!

तलासरीतही कापड बोललं. पण चित्र न काढता, भरतकाम न करता.

तुमच्याकडे वारली प्रिंटचा कुर्ता असेलच. त्या चित्रांचं मूळ लग्नाच्या चौकात आहे. सवाष्णी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. पण १९४५ च्या आधी याच लग्नापायी माणूस गुलाम व्हायचा. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. वर फुकटची वेठ होतीच. हे कुठल्याच कुर्त्यावर छापत नाहीत.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. सोबत किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर. ठरलं, यापुढे वेठ करायची नाही. लिहिता-वाचता येणारे जवळपास कुणी नव्हते, पत्रकं वाचणार कोण? पण झेंडा सगळ्यांना दिसत होता. लोकांनी संघटनेलाच 'लाल बावटा' म्हणायला सुरुवात केली. मला हे भारी वाटतं. सभेचं नाव नाही, पुढाऱ्याचं नाही, थेट कापडाचं नाव!

मग गवतकापणीच्या मजुरीचा लढा आला. मागणी साधी होती, ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला प्रचंड गर्दी जमली. जमीनदारांनी पसरवलेल्या खोट्या निरोपामुळे लोक आले होते, असं परुळेकरांनी नोंदवलंय. बावट्याने बोलावलंय म्हटल्यावर घरी कोण बसणार? त्या विश्वासाचाच शत्रूने सापळा केला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड धरून पाच जण गेले.

पुढे २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. बावट्याला कसलं मानांकन! पण दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरी भागात हुतात्म्यांना अभिवादन करायला लोक येतात, तेव्हा हातात तोच असतो.