विषाणूचा कारखाना परक्याच्या जागेत

पावसाळा ओसरू लागला की शिवाजी पार्क, दादर, माहीम परिसरातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. ताप डेंग्यूचा निघाला तरी ‘एखादे अँटिबायोटिक लिहून द्या’ असा आग्रह हमखास होतो. ते औषध इथे का चालत नाही, याचे उत्तर विषाणूच्या परावलंबी जगण्यात आहे.

शिवाजी पार्कपासून फार लांब नसलेल्या परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास इथे उपयोगी पडतो. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली, ती मांसरसात जिवाणू वाढवून. रसावर तूप तरंगत ठेवले जाई आणि त्याच्या आधाराने जिवाणूंची वाढ खाली लोंबू लागे. जिवाणूला अन्न आणि ऊब मिळाली की पुरे. प्रथिने घडवणारे रायबोसोम त्याच्यापाशी स्वतःचे असतात. विषाणू अशा रसात वर्षभर ठेवला तरी एकाचे दोन होणार नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२०मध्ये करोना विषाणू वेगळा केला, तोही माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या जिवंत पेशींवर वाढवूनच.

डेंग्यूच्या विषाणूची सारी शिदोरी म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनए आणि त्यात अवघ्या दहा प्रथिनांची कृती. आपले रायबोसोम हा परका आरएनए घरचाच निरोप समजून वाचतात आणि एक लांबलचक प्रथिन विणतात. त्याचे तुकडे करणारी कात्री काही ठिकाणी विषाणूची, काही ठिकाणी चक्क आपल्याच पेशीची! कच्चा माल, ऊर्जा, नव्या विषाणूभोवतीचे मेदाचे आवरण, सारे पेशीचेच. आरएनएवरून आरएनएची नक्कल करणारे विकर मात्र तो स्वतःच्या कृतीवरून बनवून घेतो. त्याच्या कामाचे तसे विकर आपल्या पेशीत नसते.

औषधाची अडचण इथेच आहे. अनेक अँटिबायोटिक जिवाणूच्या रायबोसोमवर घाव घालतात. विषाणू वापरतो ते रायबोसोम आपले; ते बंद पाडले तर पेशीच बंद पडेल. म्हणून विषाणूच्या स्वतःच्या मोजक्या विकरांवर नेम धरावा लागतो. डेंग्यूच्याच कुळातील ‘हेपॅटायटिस सी’वर २०१३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोफोसबुविर नेमके नक्कल करणारे विकर अडवते. डेंग्यूसाठी असे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. उपचार म्हणजे पॅरासिटामॉल, भरपूर द्रवपदार्थ आणि डॉक्टरांची देखरेख. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन रक्तस्रावाच्या धोक्यामुळे टाळायची. विषाणू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरची उघडी टाकी आणि कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा तरी कोरडी करावी, ती यासाठी.