अमळनेरचे मास्तर आणि आप्पांचं पोट

मागच्या दिवाळीत वरणगावला गेलो तेव्हा आप्पांच्या उशाशी इसबगोलचा डबा दिसला. आमच्या घरात ही वस्तू कधीच नव्हती. आप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीतले. (१९६४ साली फॅक्टरी आली, तेव्हापासून गावाची ओळखच ती.) भोंग्याआधी सायकल काढायची, दिवसभर उभ्यानं काम, रात्री भरीत नि कळण्याची भाकरी खाऊन कॉलनीला चक्कर. रिटायर झाले, गुडघा धरला, सायकल विकली. "तवर पोट घड्याळासारखं चालायचं," म्हणाले. "आता घड्याळच बंद पडलं."

पुण्यात दहा-दहा तास खुर्चीत बसणारा मी काय सांगणार? सवयीनं वाचायला बसलो. निघालं काय, तर या विषयातला मोठा माणूस आपल्याच खान्देशात मास्तरकी करून गेलेला!

जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले आणि पुढे अमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवू लागले. १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. तिथे योग शिकले, पण मास्तरांना नुसत्या श्रद्धेवर भागेना. नौली करणारा बस्तीच्या वेळी गुदद्वारातून पाणी वर ओढतो म्हणे, ते कसं? परंपरा सांगायची, अपानवायू. गुण्यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीचे एक्स-रे काढले. पुढे आतड्यातला दाबही मोजला. पोटाचे उभे स्नायू आवळून पुढे काढले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपोआप वर चढतं. या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं, 'माधवदास व्हॅक्यूम'. आपल्या भाषेत, सगळे डॉक्युमेंटेशन वाचत बसलेले असताना या माणसानं चालू सिस्टिममध्ये लॉग टाकून बघितला.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकात हे प्रयोग छापले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं. (त्याच १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरला शिक्षक म्हणून आले. गावाचं नशीब बघा!)

आता एक शंका. दाब कमी होतो हे सिद्ध झालं, म्हणून बद्धकोष्ठ बरा होतो हे आपोआप सिद्ध होत नाही. हा फरक योगाच्या जाहिराती हमखास विसरतात. आज जे बऱ्यापैकी ठाऊक आहे ते फार साधं आहे. नेमानं चालणाऱ्याचं आतडं जास्त हलतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. उलट जेवून लगेच जोरात पळालात तर रक्त पोटाकडून पायांकडे जातं आणि पोटात कळ येते. म्हणजे आजीची शतपावली बरोबर आणि आमच्या ऑफिसातले भरल्या पोटी ट्रेडमिलवर चढणारे वीर चूक.

आप्पांना नौली सांगायची माझी हिंमत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सपाटीवर हळूहळू चालू द्या. आता रात्री जेवणानंतर आई त्यांना अंगणात काठी घेऊन फिरवते. परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, "डबा अजून आहे, पण एक दिवसाआड." मग त्यांनी मला विचारलं, "तू किती चाललास आज?"

मी विषय बदलला.