शेगाव परिसरातील दलित मतदार

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुका बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मोडतो. शेगाव शहर विधानसभेसाठी जळगाव-जामोद मतदारसंघात आहे. संत गजानन महाराजांच्या समाधीमुळे हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. १९७७ ते २००४ या काळातील नऊ लोकसभा निवडणुकांत बुलढाणा मतदारसंघातून अनुसूचित जातीचाच खासदार निवडला गेला, कारण ही जागा राखीव होती; याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

राखीव जागेचे मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दिलेले स्वतंत्र मतदारसंघ या कराराने गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. त्यांतल्या २० मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या वाट्याला आल्या. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. कलम ३३० ने लोकसभेत राखीव जागा दिल्या, पण तिथेही उमेदवार दलित आणि मतदार सगळेच. याचा अर्थ काय, हे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सोसावे लागले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत विदर्भातल्याच भंडाऱ्यात, दोन्ही वेळा ते राखीव जागेवर पराभूत झाले.

बुलढाण्यात १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. पुढे काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आणि मुकुल वासनिक, भाजपचे सुखदेव काळे, शिवसेनेचे आनंदराव अडसूळ असे खासदार झाले. रिपब्लिकन पक्षाला ही जागा पुन्हा मिळाली नाही. आरक्षणाने दलित माणूस संसदेत पोहोचला, ही मोठीच गोष्ट. तो कोणत्या पक्षाचा असावा, हे मात्र दलित वस्तीच्या हाती राहिले नाही. याउलट १९९८ मध्ये काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चार रिपब्लिकन नेते लोकसभेत गेले, आणि चौघेही खुल्या जागांवरून. त्यांतल्या अकोला आणि अमरावती या दोन जागा वऱ्हाडातल्याच.

२००९ पासून बुलढाण्याची जागा खुली झाली; जिल्ह्यात आता मेहकर ही एकच विधानसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तरीही दलित मतदाराचे वजन घटले नाही. २०१९ मध्ये प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीचे बळीराम सिरस्कार यांना १,७२,६२७ मते पडली. विजयी प्रतापराव जाधव यांचे मताधिक्य १,३३,२८७ होते. ही सगळी मते दलितांचीच होती असे नाही. पण अशा मतांना नुसती 'मतविभागणी' म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या पक्षाला दिलेले मत हे दुसऱ्या कोणाच्या खात्यातून काढलेले नसते. आणि अशी मते किती मोलाची ठरू शकतात, हेही दिसते: २०२४ मध्ये याच मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९,४७९ मतांच्या फरकाने लागला.