पॉल लॉटरबर आणि ‘कुठे?’ हा प्रश्न

मंडळी, गेल्या वेळी आपण क्ष-किरणांपाशी थांबलो होतो. आज एमआरआय. यंत्राची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला बोलायचंय ते एका रसायनशास्त्रज्ञाला सुचलेल्या विचाराबद्दल, आणि त्यावरून पुढे पेटलेल्या वादाबद्दल.

थोडी पूर्वतयारी लागेल. हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक चिमुकलं चुंबक. ते बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवलं, की ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींनाच प्रतिसाद देतं. ही वारंवारता क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते. क्षेत्र दुप्पट, तर वारंवारता दुप्पट. ब्लॉक आणि पर्सेल यांनी हे 1946 मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. दोघांना 1952 चं नोबेल मिळालं. पुढे हे तंत्र रसायनशास्त्रज्ञांच्या घरी नांदलं. रेणूची रचना ओळखायची तर नमुन्याच्या कणाकणाला क्षेत्र अगदी सारखं हवं. जरा कमीजास्त झालं की रेषा पसरतात, काही वाचता येत नाही. म्हणून क्षेत्राची विषमता हा दोष, आणि तो घालवण्यात या लोकांची निम्मी हयात गेली.

पॉल लॉटरबर याच घरातला. 1929 साली ओहायोतल्या सिडनी गावी जन्म. कार्बन-13 वरचं त्याचं 1957 चं काम आजही महत्त्वाचं मानतात. 1963 पासून तो स्टोनी ब्रूकला प्राध्यापक.

1971 च्या मार्चमध्ये रेमंड डमॅडियन या डॉक्टरचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींतले प्रोटॉन मूळ स्थितीला यायला निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ घेतात, असा निष्कर्ष. त्या उन्हाळ्यात लॉटरबर पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कंपनीचा कारभार बघत होता. तिथे जॉन्स हॉपकिन्सहून आलेल्या एका तरुण संशोधकाने तसलाच प्रयोग करून बघितला. फरक खरोखरच दिसला. पण बघा, त्यासाठी प्राणी मारून ऊती कापून नळीत घालायची. आणि एकदा कापलीच, तर सूक्ष्मदर्शक काय वाईट होता? जिवंत शरीरातून संदेश घ्यायचा तर तो शरीरातल्या *कुठल्या* जागेवरून आला, हे कळायला हवं.

उत्तर सुचलं ते हॅम्बर्गरच्या दुकानात, संध्याकाळी. क्षेत्र मुद्दामच विषम करायचं. डावीकडे कमी, उजवीकडे चढत जाणारं. मग डावीकडचं पाणी एका वारंवारतेवर बोलेल, उजवीकडचं दुसऱ्या. वारंवारता हाच पत्ता! एका दिशेने एक सावली मिळते. दिशा बदलून अनेक सावल्या घ्यायच्या आणि गणिताने जोडायच्या. वहीतल्या नोंदीवर तारीख आहे 2 सप्टेंबर 1971.

प्रयोग अगदी साधा. जड पाण्याच्या नळीत साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या, आणि चार दिशांनी घेतलेल्या सावल्या. स्टोनी ब्रूकचं यंत्र इतर रसायनशास्त्रज्ञांनाही लागायचं, त्यामुळे तो रात्री क्षेत्र बिघडवायचा आणि सकाळी पुन्हा सरळ करून द्यायचा. (मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडतं.)

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला चमकायला होतं. यंत्र 60 मेगाहर्ट्झचं, म्हणजे लहर सुमारे 5 मीटर लांब. एवढ्या लांब लहरीने मिलिमीटरभर नळी कशी दिसावी? लहरीहून फार बारीक काही दिसत नाही, हा प्रकाशशास्त्राचा जुना नियम. तो मोडलेला नाही. लॉटरबर लहर वस्तूवर टाकून तिची प्रतिमा घेतच नव्हता. दोन क्षेत्रांची सांगड घालून तो जागा वारंवारतेत वाचत होता. म्हणून त्याने नाव दिलं ‘झ्यूग्मॅटोग्राफी’. ग्रीक ‘झ्यूग्मा’ म्हणजे जोडणारं. आपलं बैलाचं जू आणि ‘योग’ हा शब्द त्याच धातुकुळातले. नाव काही टिकलं नाही. जीभ अडखळते, दुसरं काय!

‘नेचर’ने लेख आधी नाकारला. त्याने पुन्हा आग्रह धरला, आणि 16 मार्च 1973 ला तो छापला गेला. विद्यापीठाला पेटंटवर खर्च करणं फायद्याचं वाटलं नाही; ते घेतलंच नाही.

आता वाद. 2003 चं वैद्यकाचं नोबेल लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. पारितोषिक तिघांत वाटता येतं, तिसरी जागा मोकळीच राहिली. डमॅडियनने अमेरिकी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन अन्यायाची तक्रार केली. तो काही हवेत बोलत नव्हता. रोगट आणि निरोगी ऊती या तंत्राने वेगळ्या कळतील, हे त्याने आधी मांडलं. 1977 मध्ये माणसाच्या छातीचं चित्रही काढलं, तेही बिंदूबिंदूने, काही तास लावून. त्या फरकावाचून डॉक्टरांना या चित्राचा फारसा उपयोग नसता.

तरी मला विचाराल तर दोन प्रश्न निराळे ठेवावेत. ‘हे काय आहे?’ याचं एक उत्तर डमॅडियनने दिलं. ‘कुठे आहे?’ याचं लॉटरबरने दिलं, आणि आजचं प्रत्येक यंत्र उतरत्या-चढत्या क्षेत्रानेच चालतं. पारितोषिक ‘प्रतिमे’साठी होतं, म्हणून पहिलं नाव त्याचं, हे मला पटतं. तिसरी जागा मोकळी ठेवणं मात्र पटत नाही.

लॉटरबर 1985 मध्ये इलिनॉयला गेला. उतारवयात तो जीवसृष्टीचा उगम रसायनांतून कसा झाला असेल, या प्रश्नात शिरला. 2007 मध्ये वारला. मॅन्सफील्डने चित्र काढण्याचा वेग कसा वाढवला, ते पुढच्या व्याख्यानात.